साउथहॅम्प्टनच्या दगडावरचं नाव

तालिया, नोआम,

हे आत्ताच का लिहिते आहे ते आधी सांगते. गेल्या महिन्यात तालियाने मेलबर्नहून व्हिडिओवर मला तिचं शाळेचं पुस्तक दाखवलं. प्राचीन ग्रीसचा धडा होता. ढाली, भाले, जहाजं, पायऱ्यांवर बसून वाद घालणारे दाढीवाले लोक. सगळी पानं उलटून झाल्यावर तिने विचारलं, "आजी, पण मुली कुठे आहेत?" मी म्हटलं, घरात. "सगळ्या?" असं तिने विचारलं आणि तेवढ्यात तुमच्या आईने जेवायला हाक मारली. प्रश्न माझ्याकडे राहिला.

दुसरं कारण मिल्काचं. मिल्का म्हणजे तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची, सॅमसनची बायको, माझी जाऊ. तुम्ही लहान असताना इथे आलात तेव्हा तिने तुम्हाला चिकाचा हलवा भरवला होता आणि नोआमने तिच्या साडीला हात पुसले होते. ती गेल्या हिवाळ्यात साउथहॅम्प्टनला वारली. आपल्या लोकांत (आपण बेने इस्राएल, कोकणातून मुंबईला आलेले मराठी बोलणारे ज्यू) वर्षाच्या आत कबरीवर दगड बसवतात. त्यावर कोरायचा मजकूर शेवटचा बघून होकार द्यायचा होता आणि त्यासाठी सॅमसनने मला बोलावलं होतं. मी ठरवलं, लंडनच्या मोठ्या संग्रहालयावरून जायचं, तालियाच्या मुली शोधायच्या, आणि मग दुपारची गाडी पकडायची. त्या प्रवासाचं हे वर्णन. बाबा वाचून दाखवतील. त्यांना कुठे अडलं तर हसू नका.

एजवेअर हे आमच्या ट्यूबचं, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचं, शेवटचं स्टेशन. इथे गाडी दारं उघडी टाकून उभीच असते, जणू कोणाची तरी वाट बघते आहे. ऑक्टोबरची सकाळ होती. धुकं रुळांवर इतकं खाली उतरलं होतं की सिग्नलचा दिवा नुसताच हवेत टांगल्यासारखा दिसत होता. माझ्या पिशवीत थर्मास, चटणीची सँडविचेस, दुसरा चष्मा आणि सॅमसनसाठी हॅरोच्या दुकानातून आणलेले वाल होते. ते मी आदल्या दिवशी भिजवून, ओल्या फडक्यात बांधून मोड काढायला ठेवले होते. सॅमसनला बिरडं आवडतं आणि त्याच्याकडे वाल मिळत नाहीत.

एवढी तयारी करूनही मी दुसऱ्या फाट्याने जाणाऱ्या गाडीत बसले आणि कॅम्डनला उतरून गाडी बदलावी लागली. तुमचे आजोबा असते तर म्हणाले असते, इतिहासाच्या बाई भूगोलात नापास.

संग्रहालयाच्या दारात पिशव्या तपासतात. तिथल्या उंच, मऊ आवाजाच्या रखवालदाराने फडक्याची गाठ हातात घेऊन हलकेच दाबली आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, कडधान्य आहे, मोड येताहेत.

"म्हणजे जिवंत आहे?"

"आहे. म्हणून तर ओलं ठेवलंय."

तो म्हणाला, आमची आई लागोसला असंच करायची, आणि गाठ पुन्हा माझ्यापेक्षा नीट बांधून दिली.

आतला उजेड दुधासारखा होता. बाहेरचं धुकं छताच्या काचांतून गाळून खाली येत होतं आणि दगडाच्या माणसांच्या खांद्यांवर बसत होतं. सकाळची वेळ, गर्दी नव्हती. योद्धे, घोडे आणि देव ओलांडून मी मडक्यांच्या दालनात गेले, कारण तालिया, तुझ्या मुली मडक्यांवर आहेत. काळ्या-तांबड्या मडक्यांवर त्या आहेतच आहेत. कारंज्यावर घागरी भरताहेत, मागावर कापड विणताहेत, लग्नाच्या गाडीत मान खाली घालून बसल्या आहेत. एका काचेत मातीचं कौलासारखं काहीतरी होतं. बायका ते मांडीवर बसवत आणि त्यावर लोकर घासून कातण्यासाठी पेळू करत. नवरीला ते भेट म्हणूनही देत, सुंदर चित्रं काढून. म्हणजे जन्मभराचं काम नक्षी काढून मांडीवर ठेवायचं.

अथेन्समधल्या चांगल्या घरच्या मुलीचं लग्न वयात येता येता व्हायचं, तिच्या दुप्पट वयाच्या माणसाशी. आधी बाप, मग नवरा, मग मुलगा असा तिचा 'किरिओस' (मालक आणि पालक, दोन्ही) बदलत जाई. ती स्वतः आपली किरिओस कधीच होत नसे. घरात आतल्या बाजूला किंवा माडीवर 'गिनैकॉन' (बायकांची खोली) असे. गरिबाघरच्या बायकांना अर्थात एवढं आत बसणं परवडत नसे. त्या बाजारात फिती आणि भाज्या विकत. आणि गुलाम बायकांना तर आत-बाहेर असं काही नव्हतंच, त्या पाठवतील तिथे जात.

एका लहान मडक्यापुढे मी बराच वेळ उभी राहिले. त्यावर एक बाई शिडी चढते आहे आणि तिच्या हातात फुटक्या मडक्याचा अर्धा भाग आहे, त्यात रोपं. वर्षातून एकदा अथेन्सच्या बायका फुटक्या खापरांत झटपट उगवणारं बी पेरत आणि ती खापरं छपरावर नेऊन ठेवत. मग सगळ्या बायका छपरावर जमून एका तरुण मेलेल्या देवासाठी रडत, गात आणि हसत. रोपं उन्हात सुकली की पाण्यात सोडून देत. पुरुषांना हा सण आवडत नसे, गोंगाट होतो म्हणून. मला मात्र डोळ्यांसमोर ती छपरं दिसली, एकमेकांना लागून, आणि आतल्या खोल्यांतल्या सगळ्या बायका एकदम आकाशाखाली. माझ्या पिशवीतल्या वालांना त्याच वेळी मोड येत होते.

मग मी त्या दगडापाशी गेले. तो कुठे आहे हे मला माहीत होतं.

हा एक कबरीचा दगड आहे, फिक्या मधाच्या रंगाचा. खुर्चीवर एक बाई बसली आहे, लिसिला. तिचं नाव वरच्या पट्टीवर कोरलेलं आहे, आणि त्यापुढे ती कोणाची मुलगी ते. तिच्या समोर एक मुलगी उभी आहे, आखूड केसांची. ती गुलाम आहे. तिने दागिन्यांची पेटी उघडून धरली आहे आणि लिसिला त्यातून काहीतरी उचलते आहे. काय उचलते ते दिसत नाही. ते रंगवलेलं असावं आणि रंग उडून गेला. आता ती दोन बोटांत नुसती हवा धरून बसली आहे.

कितीतरी वर्षांपूर्वी मी आणि मिल्का इथे आलो होतो. तिचे पाय दुखत होते म्हणून समोरच्या बाकावर बसलो. तिने विचारलं, ही कोण. मी पाटी वाचून सांगितलं. तिने पेटीवालीकडे बोट केलं, आणि ही? मी म्हटलं, हिचं नाव लिहिलेलं नाही. तेव्हा मी तिला सांगितलं होतं की अथेन्समध्ये सभ्य बाईचं नाव ती जिवंत असताना चारचौघांत घेत नसत. कचेरीत खटला चालला तरी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच. मेल्यावर मात्र दगडावर नाव घालायला हरकत नसे. आणि गुलामांना पुष्कळदा त्यांच्या देशावरूनच हाक मारत, थ्रेसची असेल तर 'थ्राट्टा'. जसं मुंबईत भांडी घासायला येणाऱ्या बाईला सगळी चाळ 'घाटण' म्हणायची.

मिल्का ऐकत होती. मग म्हणाली, "वहिनी, हिला मेल्यावर तरी तिचं नाव मिळालं. माझ्या दगडावर माझं नाव घाला हं. तुमच्या घरातलं नको. माझं."

मी हो म्हटलं. मग आम्ही चहा प्यायला गेलो आणि तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. मिल्का लग्न होऊन आली तेव्हा तिचं नाव मिल्का नव्हतं. तिचं आणि माझ्या सासूबाईंचं, म्हणजे तुमच्या पणजीचं, नाव एकच होतं. मोठ्यांचं नाव कोणी तोंडाने घ्यायचं नाही ही घरातली रीत. मग नव्या सुनेला हाक कशी मारायची? 'अगं अमुक, भात उतरव' म्हटलं की सासूलाच हुकूम सोडल्यासारखं व्हायचं. म्हणून लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी साखर वाटली आणि सांगितलं, आजपासून ही मिल्का. कोणी वाईट वागलं असं नाही. सगळे हसत होते, मिल्काही हसत होती. तिचं ते पहिलं नाव मी इथे अजून लिहिलेलं नाही. सासूबाईंचं नाव मीही कधी घेतलं नाही, आणि लिहायला गेलं तरी हात अडतो. पुढे लिहीनच.

आणि दगडावर काय कोरायचं हे सॅमसनने मला फोनवर सांगितलं होतं: 'मिल्का, सॅमसनची पत्नी'. मराठी अक्षरं मीच कागदावर काढून दगड घडवणाऱ्या बाईंना पाठवली होती. मी दिलेला शब्द मोडणार होता, आणि एकदा छिन्नी लागली की काही करता येणार नव्हतं. म्हणून मी सॅमसनला समोरासमोर सांगायला निघाले होते.

बाकावर माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. माझ्याच वयाची, काळा स्वेटर, पर्समधून चोरून बदामाचं बिस्किट खात होती. इथे खायला मनाई आहे. पकडली गेल्यावर तिने अर्धं मला दिलं. तिचं नाव एलेनी. ती ग्रीसमधल्या एका डोंगरी गावातली, पण जन्म उत्तर लंडनमध्येच गेला. मी त्या दगडाकडे का बघते आहे म्हणून तिने विचारलं, आणि मी तिला मिल्काची गोष्ट सांगितली. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं.

ती म्हणाली, तिच्या आईला अख्खं गाव 'योर्गेना' म्हणायचं, म्हणजे योर्गोसची बायको. मी तिच्या आईचं स्वतःचं नाव विचारलं.

"स्तामाता," ती म्हणाली. "म्हणजे थांब. चौथी मुलगी झाली ना. आता मुली थांबव म्हणून देवाला सांगायला ते नाव."

मी म्हटलं, आमच्याकडे 'नकुशी' ठेवतात. तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

"माझ्या आईला योर्गेनाच बरं वाटायचं," ती म्हणाली. "तुमच्या जावेला तिचं नाव आवडत होतं का?"

मला आठवलं, बाकावर बसून 'माझं' म्हणताना मिल्काने छातीवर हात ठेवला होता. मी एलेनीला ते करून दाखवलं. तिने मान हलवली आणि उरलेलं बिस्किटही मला दिलं.

वॉटर्लूहून गाडी वेळेवर सुटली. बाहेर पुन्हा धुकं. वोकिंगच्या पुढे झाडं पाण्यात उभी असल्यासारखी दिसू लागली आणि डब्यातल्या उबेने माझे डोळे मिटले. मला एक अंगण दिसलं, पांढऱ्या भिंतींचं. मधोमध खुर्चीवर मिल्का बसली होती, तिची निळी हातमागाची साडी नेसून. आखूड केसांची मुलगी तिच्यापुढे पेटी धरून उभी होती. मिल्काने पेटीत हात घातला आणि काहीतरी उचललं. मी विचारलं, काय आहे गं? ती मूठ मिटून हसली. मग तिने त्या मुलीला विचारलं, तुझं नाव काय, आणि मुलीने तोंड उघडलं. तेवढ्यात विंचेस्टर आलं आणि दाराच्या आवाजाने मी जागी झाले. मुलगी काय म्हणाली ते मला कळलं नाही, आणि त्याची मला दिवसभर चुटपुट लागून राहिली.

साउथहॅम्प्टनला सॅमसन स्टेशनवर आला होता. त्याने आयुष्यभर बंदरात क्रेनच्या दुरुस्तीचं काम केलं, आणि अजूनही तो कुठलीही गोष्ट बघताना आधी ती वजन पेलेल का असं बघतो. माझी पिशवी उचलून म्हणाला, "वहिनी, ग्रीकांचे दगड घेऊन आलात की काय?"

नोआम, हे तुझ्यासाठी: सॅमसनच्या खिडकीतून बंदर दिसतं, आणि त्या संध्याकाळी तिथे प्रवासी जहाज लागलेलं होतं, आपल्या संपूर्ण रस्त्यापेक्षा लांब आणि चर्चपेक्षा उंच. धुक्यात त्याचे नुसते दिवे दिसत होते, एकावर एक रांगा. समुद्रावर कोणीतरी गाव मांडून ठेवल्यासारखं वाटत होतं.

सॅमसन आता स्वतः स्वयंपाक करतो, मिल्काचा एप्रन बांधून. आम्ही टेबलावर समोरासमोर बसून वाल सोलायला घेतले. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि चिमटीत दाबायचे, की दाणा सालातून सुळकन बाहेर येतो. त्याचा पहिलाच दाणा उडून दिव्याच्या शेडवर बसला.

"काही बोलू नका," तो म्हणाला. "क्रेनला असं होत नाही."

मी थोडे वाल सोलून झाल्यावर विषय काढला. संग्रहालय, बाक, मिल्काचे शब्द, सगळं क्रमाने सांगितलं. तो सोलत राहिला. मग म्हणाला, "तुम्हाला म्हणाली. मला का नाही म्हणाली?"

"तुम्हाला म्हणून काय झालं असतं, भाऊजी?"

त्याने पुढचा दाणा सोलला आणि म्हणाला की तिच्या शेजारची जागा त्याने स्वतःसाठी राखून ठेवली आहे. "मी तिथे जाईन तेव्हा शेजारच्या दगडावर आईचं नाव. लोक म्हणतील, म्हातारा बायकोला सोडून आईशेजारी झोपला."

"कुठले लोक? इथे मराठी वाचणारं आहे कोण?"

"मी आहे ना," तो म्हणाला.

मग त्याने जे सांगितलं ते खरंच होतं. मिल्का म्हणून ती त्याच्याबरोबर जगली, मिल्का म्हणून मुलांची आई झाली, या देशात आली. आता दुसरंच नाव लावलं तर आयुष्यभर त्याच्या घरात होती ती कोण? शिवाय दगड बसवताना प्रार्थनेत मेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यावं लागतं. आईचं नाव त्याने कधी उच्चारलेलं नाही. "मला जमणार नाही, वहिनी. वाल संपले?"

वाल संपले होते. बिरडं चांगलं झालं, नारळाचं दूध बेताचं, कोकम किंचित जास्त. आम्ही दुसरं काहीबाही बोललो.

सकाळी दगडवालीकडे जायच्या आधी तो मला पाण्यावर फिरायला घेऊन गेला. जहाज निघून गेलं होतं. जिथे दिव्यांचं गाव होतं तिथे आता नुसतं राखाडी पाणी होतं, आणि कालचं सगळं आपण कल्पनेनेच पाहिलं की काय असं वाटत होतं. सॅमसन टोस्टचे तुकडे पक्ष्यांना टाकत होता. पाण्याकडे बघतच बोलायला लागला.

लग्न ठरायच्या आधी तो एकदा मिल्काच्या गल्लीतून जात होता. तिच्या आईने वरच्या गॅलरीतून तिला हाक मारली, ते नाव घेऊन. तो दचकून थांबला, त्याला वाटलं आपल्या आईलाच कोणी बोलावतं आहे. आणि कोपऱ्यावरून वेण्या घातलेली एक मुलगी 'आले' म्हणत धावत आली. "मी तिला तिथेच पाहिली," तो म्हणाला. "नाव आधी ऐकलं, मग ती दिसली."

त्याने पक्ष्यांना आणखी एक तुकडा टाकला.

"हॉस्पिटलात शेवटी नर्सेस चांगल्या होत्या. मिल्का, मिल्का म्हणून हाका मारायच्या. ही डोळे उघडायची नाही. मी तर घरात तिला 'अगं'च म्हणत आलो, मिल्का असंही कधी म्हटलं नाही. मला वाटायचं, ती गॅलरीतली हाक मारून बघावी. अगदी ओठांपर्यंत यायची."

"मग?"

"आईचं नाव आहे, वहिनी." त्याने उरलेला टोस्ट एकदम पाण्यात टाकला आणि बसथांब्याकडे वळला.

दगडवालीचं आवार इचन नदीच्या काठी आहे. तिचं नाव जोन, पन्नाशीची, भुवयांवर पांढरी धूळ. आवारात अर्धवट दगड उभे होते, काहींवर नुसतीच जन्मतारीख, काहींवर नुसतंच 'प्रिय'. नदीवरून धुकं येत होतं आणि त्यांच्यामधून चालत होतं. मिल्काचा दगड तिरक्या लाकडी घोडीवर टेकवलेला होता. त्यावर जोनने ब्रशने पांढऱ्या रंगात अक्षरं काढली होती. वर इंग्रजी, खाली माझी मराठी. तिने मराठीचं वळण फार प्रेमाने उचललं होतं.

तिने आम्हाला तिची पद्धत सांगितली. छिन्नी लावायच्या आधी घरातल्या सगळ्यात जवळच्या माणसाने दगड मोठ्याने वाचायचा. मनातल्या मनात वाचलं तर चूक निसटते, मोठ्याने वाचलं की कळते, म्हणून. आणि तिला येत नसलेल्या भाषेत असेल तर एकेका शब्दाखाली ती बोट धरते. मी हे कोणालाही माफ करत नाही, ती म्हणाली. हसून म्हणाली, पण करत नाही हे दिसत होतं.

सॅमसनने चष्मा लावला. इंग्रजी तारखा वाचल्या, बंदराचं नाव वाचलं. मग मराठी ओळीशी आला आणि वाचलं, "सॅमसनची पत्नी."

जोनचं बोट पहिल्या शब्दाखालीच होतं. तिने ते काढलं नाही.

त्याने पुन्हा वाचलं, "सॅमसनची पत्नी."

"आणि हे?" जोनने विचारलं.

मी तिथे बोलू शकले असते. पण माझं सगळं आदल्या संध्याकाळी बोलून झालं होतं. आवारात पाणी कुठेतरी थेंब थेंब पडत होतं. जोन उभी होती, बोट तिथेच, अजिबात घाई नसल्यासारखी.

सॅमसनने इंग्रजीत विचारलं, "हे पुसता येईल?"

ती म्हणाली, अजून नुसता रंग आहे, काहीही पुसता येईल. तिने ओला स्पंज फिरवला. 'मिल्का' गेली. तिथे राखाडी, ओली, रिकामी जागा राहिली.

"काय लिहू?"

त्याने टोपी काढली. माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, तुम्ही सांगा हिला."

"नाही, भाऊजी. वाचायचं तुम्हाला आहे."

मग तो म्हणाला, "शेगुला."

इतकं हळू म्हणाला, की जणू त्याची आई शेजारच्या खोलीत झोपली आहे आणि तिला ऐकू जाता कामा नये. जोनला ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगायला सांगितलं. त्याने पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्याने, नीट तोडून. तिने मान हलवली. तिला कळलं होतं, तेवढ्यावर काम झालं होतं. पण सॅमसनचं झालं नव्हतं. तो दगडाकडे पाठ करून नदीकडे वळला आणि त्याने हाक मारली. खरोखर हाक, वरच्या गॅलरीतून खाली गल्लीत मारतात तशी.

"शेगुला."

पत्र्यावरचे पक्षी उडाले. आणि मुलांनो, मला क्षणभर वाटलं, धुक्यातून कोणीतरी 'आले' म्हणेल. कोणी म्हणालं नाही. नदी वाहत होती.

जोनने मला कागद आणि पेन्सिल दिली. तिचं नाव मी पहिल्यांदा तिथे लिहिलं, उभ्याउभ्या, एका अनोळखी माणसाच्या कबरीच्या दगडाचा टेकू घेऊन. हात अडला नाही. जोनने विचारलं, डोक्यावरची रेघ आधी कोरायची की अक्षरं झाल्यावर. मी म्हटलं, अक्षरं झाल्यावर. ती नव्या अक्षरांना रंग लावत असताना सॅमसन म्हणाला, "खाली मिल्का पण असू दे. लहान. मला सवय आहे."

आता दगडावर असं आहे: शेगुला, बिन्यामीनची मुलगी, सॅमसनची पत्नी. त्याखाली लहान अक्षरांत, मिल्का. सॅमसनने सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं आणि जोनने छिन्नी उचलली.

परतीच्या गाडीत मला झोप आली नाही. खिडकीबाहेर संध्याकाळ निळी होत गेली आणि मी लिसिलाचा विचार करत होते. बापाचं नाव तिच्याही दगडावर आहे, आईचं नाही. शेगुलाच्या आईचं नाव मला माहीत नाही. सॅमसनलाही माहीत नाही, त्याला फक्त तिचा आवाज आठवतो. आम्ही काही जग बदलून आलो नव्हतो. एक शब्द पुसला आणि दुसरा लिहिला, तोही एका चांगल्या माणसाला फार जड गेला.

एजवेअरला घरी येऊन पिशवी उपसली तर ओल्या फडक्याच्या घडीत थोडे वाल राहून गेलेले निघाले, मोड लांब झालेले. कान तुटलेल्या कपात माती घालून मी ते खिडकीत लावले आहेत. दोन पानं आली आहेत. हिवाळा तोंडावर आला आहे, तेव्हा त्यांचं फार काही होणार नाही हे मला माहीत आहे. तरी रोज सकाळी मी ते बघते.

तालिया, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: सगळ्या घरात नव्हत्या. पुष्कळशा घरात होत्या, काही पाण्यावर, काही बाजारात, वर्षातून एकदा छपरावर, आणि काही दुसऱ्याच्या घरात पेटी धरून उभ्या.

लिसिलाचं नाव उरलं आहे. पेटी धरणाऱ्या मुलीचं नाव उरलेलं नाही, तिचे हात उरले आहेत. साउथहॅम्प्टनला एका दगडावर शेगुला असं लिहिलेलं आहे.

तुमची,
हन्ना आजी